गोळा आला की धरायचं नाही

पोटरीत गोळा आला की काय करायचं, हे तिनं आजवर इतक्या पोरांना शिकवलं होतं की गाढ झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं न अडखळता सांगितलं असतं. पाठीवर व्हायचं. नाक छताकडे. पाय ढिला सोडायचा. एक मूठ पाण्याबाहेर काढायची, म्हणजे काठावरच्या माणसाला कळतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, शेजारी कोणी असलं तरी त्याला धरायचं नाही.

"धरलंत की?" ती कमरेवर हात ठेवून विचारायची.

"दोघं गेलो!" काठावर ओळीनं बसलेली, रबरी टोप्या घातलेली ओली डोकी एका सुरात ओरडायची आणि खिदळायची. जणू दोघं जाणं म्हणजे सहलीला जाणं.

मग ती तास चालू असताना मध्येच, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, "गोळा!" अशी आरोळी ठोकायची. पोरं होती तिथं फटाफट पाठीवर व्हायची आणि पाण्यातून मुठी वर यायच्या. ज्याची मूठ शेवटी, त्याच्यावर राज्य. सगळ्या तलावाला हा खेळ पाठ होता. उंच खुर्चीवर बसणारे जीवरक्षक काका तर डोळे मिटूनच म्हणायचे, "झाला का तुमचा गोळा? माझी डुलकी मोडली."

तलाव बंदिस्त होता, काचेच्या छताखालचा. आत पाऊल टाकलं की औषधी पाण्याचा वास नाकात शिरायचा आणि घरी जाऊन दोनदा अंग धुतलं तरी केसांतून जायचा नाही. तिला तो वास आवडायचा. टिंगीलाही. टिंगी म्हणजे तिची लेक, पहिलीतली. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिंगी, आणि आता चांगली उंच झाली तरी टिंगीच. आईच्या मानेत नाक खुपसून ती म्हणायची, "आईला पाण्याचा वास येतो." आणि त्या वासाशिवाय तिला झोप लागायची नाही.

मग तो वास गेला.

सुरुवात मनगटांपासून झाली. एके सकाळी तिला नळ फिरवता येईना. मग घोटे सुजले, मग गुडघे. चार पायऱ्या उतरायच्या तर कठड्याला धरून आडवं आडवं, खेकड्यासारखं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की सांध्यांना आतून सूज आहे, शरीर आपल्याच घरावर दगड मारत सुटलंय. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. काय जादू म्हणता! आठवडा उलटायच्या आत तिनं स्वतःच्या हातानं वेणी घातली आणि आरशासमोर उभी राहून रडली.

पण जादू फुकट थोडीच असते. भूक अशी लागायची की भांडी खडखडली तरी तोंडाला पाणी सुटावं. झोप उडाली. चेहरा गोल गोल होत गेला, गाल वर येऊन डोळे बारीक झाले. चष्म्याच्या दुकानात काम करणारा तिचा नवरा म्हणाला, "तुला आता कुठलीही फ्रेम शोभेल." ती हसली, आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. त्या गालांवर जीव टाकला तो एकट्या टिंगीनं. शाळेतून आली की दोन्ही तळव्यांनी ती ते दाबायची, "माझ्या उश्या" म्हणायची आणि त्यांच्यावर डोकं टेकायची.

तलावावर तिच्या जागी एक सर आले. चांगले होते बिचारे. टिंगी त्यांच्याकडे उथळ पाण्यात हातपाय मारायला शिकली, पाठीवर तरंगायला शिकली. पण खोल पाण्याची लाल दोरी आली की गाडी अडायची.

"चल की पलीकडे, मी आहे ना," सर म्हणायचे.

"तुम्ही आहात. पण आई येणारे."

"कधी येणार तुझी आई?"

"गोळ्या संपल्या की."

आता पोरीला एवढंच कळलेलं. आईनंच तसं सांगितलं होतं, कडेवर घेता येत नव्हतं त्या दिवसांत, उगी करायला. 'माझ्या गोळ्या कमी झाल्या ना टिंगे, की लाल दोरीपलीकडे आपण दोघी. तुला दुसरं कोणी नेणार नाही.' वर्षभरात आईनं दिलेले किती शब्द हवेत विरले होते. बागेत जायचे, शाळेच्या नाटकाला यायचे, पाठीवर घोडा घोडा करायचे. हा एक शब्द टिंगीनं मुठीत घट्ट धरून ठेवला होता. आणि आईनंही.

गोळ्या कमी करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून समजावलं. "हे बघ, इतके दिवस बाहेरून मिळतंय म्हणून तुझ्या शरीरानं स्वतःचं बनवायचं सोडून दिलंय. त्याला हळूहळू आठवण करून द्यायची. पायरी पायरीनं उतरायचं. मनानं एकदम बंद केलंस तर कोसळशील. आणि उतरताना काही वेगळं वाटलं, काहीही, तरी मला सांगायचं."

ती पायरी पायरीनं उतरू लागली. एकही पायरी चुकवली नाही, एकही गाळली नाही. शिस्तीची होतीच ती. गाल ओसरायला लागले. टिंगी हिरमुसली, "माझ्या उश्या कुठं चालल्या?" आणि त्याच सुमाराला पेटके सुरू झाले.

आधी पोटरीत. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायचा अवकाश, की आतला स्नायू मूठ वळल्यासारखा आवळायचा. लाकूड व्हायचा नुसता. ती उशी दातांत धरायची. मग तळपायाला, तिथून बोटांना, आणि एकेक बोट आपल्या मनानं वाकडं होऊन दुसऱ्यावर चढायचं. पुढं हातांनाही येऊ लागले. एकदा टिंगीची वेणी घालताना कंगव्याभोवती बोटं जी आखडली ती सुटेचनात. टिंगी वाट बघत बसली. "आई, थांबलीस का?"

"विचार करतेय, कुठली रिबीन लावू."

"निळी. केव्हाची सांगतेय."

"हो का? मग निळी." आणि ती दुसऱ्या हातानं एकेक बोट उलगडत होती, लहान बाळाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तसं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय गं, काही त्रास?"

"नाही," ती म्हणाली.

आता ती खोटं बोलली, असं म्हणवत नाही. पोहणाऱ्याच्या लेखी पेटका म्हणजे त्रास नव्हेच. भटारखान्यात काम करणाऱ्याच्या हाताला पीठ लागावं, तसा पोहणाऱ्याच्या पोटरीला गोळा येतो. त्याची कोणी डॉक्टरकडे तक्रार घेऊन जातं का? लहानपणापासून ती हेच ऐकत आली होती: चोळ, ताण, पुन्हा उतर. तिच्या डोक्यात आजाराचं खातं वेगळं होतं, पेटक्याचं वेगळं. पण तसं पाहिलं तर ती खरंही बोलली नव्हती. पेटक्यांचं सांगितलं तर खाली उतरणं थांबेल आणि लाल दोरी लांब जाईल, ही धाकधूक कुठंतरी तळाशी होतीच.

नवऱ्याच्या ते लक्षात आलं. एका सकाळी ती न्हाणीघराच्या फरशीवर पाय धरून बसलेली त्याला दिसली.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"अरे पेटके आहेत. पोहणाऱ्यांना येतातच."

"तू वर्षभरात पोहलीस कुठं?"

ती चिडली. "तू ना, चष्मेच बघ. माणसांचं राहू दे."

तो शेजारी फरशीवर बसला. तिचा पाय मांडीवर घेऊन चोळत राहिला. पण त्याच्या चोळण्यानं गोळा हलेना, तो आपल्या मर्जीनं आला होता आणि मर्जीनंच जाणार होता. दोघंही त्या पायाकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखे पाहत बसले.

पाण्यात चालायची परवानगी मिळाली तशी ती तलावावर गेली. परवानगी चालायची होती, तीही उथळ पाण्यात आणि सोबतीला कोणी असताना. पहिल्या दिवशी ती चालली. दुसऱ्या दिवशी चालली. पाण्यात तिला एकही पेटका आला नाही, आणि तिथंच ती फसली. तिला वाटलं, पाणी आपलं आहे. जमिनीवर शरीर वैऱ्यासारखं वागतं, पण इथं ते मला ओळखतं.

तिसऱ्या खेपेला तिनं टिंगीला सोबत आणलं.

रविवारची दुपार. तलावात माणूस नाही, काचेच्या छतातून ऊन थेट तळाच्या फरश्यांवर पडलेलं. खुर्चीवर काका, पोटावर शिट्टी ठेवून.

"अरे वा! बाई परत आल्या म्हणायच्या," काका म्हणाले. "आता माझी झोप गेली."

"तुम्ही झोपा काका. आम्ही आवाज करत नाही."

"ही टिंगी आवाज न करता? मग मी खुर्ची सोडतो."

टिंगीचे दात आनंदानं कडकडत होते. लाल दोरीपाशी आल्यावर तिनं आईकडे पाहिलं. आईनं दोरी उचलली, आणि टिंगी त्या दोरीखालून अशी गेली जशी एखाद्या घराच्या दारातून जावी.

काय पोहली ती पोर! आईच्या पुढं जायची, वळून बघायची, तोंडातलं पाणी उडवून हसायची. आई तिच्या बाजूनं हळूहळू, पाण्याशी बोलत असल्यासारखी. वर्षभरात पहिल्यांदा तिला अंगाचं ओझं वाटत नव्हतं. तिच्या मनात आलं, बस्स, हेच हवं होतं.

आणि उजव्या पोटरीनं मूठ वळली.

ती थांबली. घाबरली नाही. पाठीवर व्हायला वळली तोच डावीही गेली, मग दोन्ही पावलं, बोटं, आणि पाय पोटाशी ओढले गेले. नाकातोंडात पाणी शिरलं. ती खाली गेली आणि वर आली, आणि वर आली तेव्हा समोर टिंगी होती, हात पुढं करून. टिंगीनं तिचं मनगट धरलं.

त्यानंतर जे झालं ते तिनं केलं नाही, तिच्या सवयीनं केलं. धरणाऱ्यापासून सुटायचं कसं, हे ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती. मनगट अंगठ्याच्या बाजूनं पिळायचं, हात सोडवायचा, तळवा छातीवर ठेवून जोरात लोटायचं. तिनं मनगट पिळलं. तिनं टिंगीच्या एवढ्याशा छातीवर तळवा ठेवला आणि लोटलं.

टिंगी लांब गेली. पाण्यावर तिचा चेहरा दिसला. घाबरलेला नव्हता तो. शाळेच्या फाटकात न्यायला कोणी आलेलं नसावं, तसा होता.

कशीबशी ती पाठीवर झाली. नाक छताकडे. आता मूठ. तिनं हात वर काढला, पण मूठ वळेना. बोटं ताठ, एकमेकांना चिकटलेली, पंजा बाहेर वाकलेला. जी खूण तिनं साऱ्या पोरांना शिकवली होती, ती तिच्याच हाताला करता येत नव्हती. ओरडायला तोंड उघडलं की पाणी आत.

"गोळा!" टिंगी ओरडली. "काका, गोळा!"

काकांनी डोळे न उघडता मान हलवली आणि गालात हसले. इतकी वर्षं ऐकलेली आरोळी होती ती. खेळ परत सुरू झाला, बरं वाटलं त्यांना.

"गोळा!" आणि मग आवाज थांबला.

काकांनी डोळे उघडले ते आवाज थांबला म्हणून. टिंगी आईपासून थोडी दूर पाठीवर पडलेली होती, शिकवल्याबरहुकूम, नाक वर, आणि तिची मूठ पाण्याबाहेर ताठ उभी होती. खेळात मूठ वर केली की पोरं हसतात. ही हसत नव्हती. आणि शेजारी आईचा वाकडा पंजा पाण्याच्या वर खाली होत होता.

खुर्ची मागं कोसळल्याचा आवाज सगळ्या तलावात घुमला.

काठावर टॉवेलमध्ये गुंडाळून बसवल्यावरही तिच्या पोटऱ्या बराच वेळ कातडीखाली वळवळत होत्या. काका तिचे पाय चोळत होते आणि स्वतःलाच शिव्या घालत होते. "हसलो मी. ती ओरडत होती आणि मी हसलो." टिंगी जरा अंतरावर बसली होती, गुडघ्यांत हनुवटी घालून.

"टिंगे, तू किती बरोबर केलंस," आई म्हणाली.

"तू ढकललंस."

"अगं राणी, गोळा आला की धरायचं नाही. शिकवलंय ना?"

"ते ज्याला गोळा आलाय त्यानं धरायचं नाही," टिंगी म्हणाली. "मला कुठं आला होता? मी तर तुला धरायला आलेले."

काकांचे चोळणारे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझ्या धंद्यात पेटका नेहमीचा असेल गं. माझ्या धंद्यात नाही. औषध कमी होताना येतो तेव्हा तर मला तो कळायलाच हवा." रक्त घेतलं, क्षार तपासायला दिले. उतरणं थांबलं. एक पायरी परत वर. तलाव बंद, पुढं सांगेपर्यंत.

"मग पेटके थांबतील?"

"कमी व्हावेत. लगेच थांबतील असं मी सांगणार नाही. सावकाश उतरू, आणि बघत राहू."

"आणि मी काय करू?"

"मला सांगत जा."

इतकंच. करण्यासारखं दुसरं काही तिच्या हातात नव्हतं. जी जन्मभर हात मारूनच पुढं जायला शिकली, तिला आता नुसतं तरंगत राहायचं होतं.

घरी टिंगी नेहमीसारखीच होती, आणि नव्हतीही. शाळेचं सांगायची, जेवायची, भांडायची. पण आईला पेटका आला की दोन्ही हात पाठीमागं बांधून दारात उभी राहायची. जवळ यायची नाही, लांबही जायची नाही. वाढदिवसाच्या टोपीसारखं गमतीनं आईच्या डोक्यावर भांडं उपडं घालणारी पोर, आता आईला लागू नये म्हणून भिंतीकडेनं चालायची. नवऱ्यानं एकदा तिला पुढं लोटलं, "जा की, आईचा पाय धर." टिंगी त्याच्याकडे पाहून म्हणाली, "धरायचं नाही. धरलं की दोघं गेलो." त्याचा चेहरा पाहवेना.

एका दुपारी आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. टिंगीचा पोहण्याचा पोशाख कधीचा कपाटात तळाशी गेला होता, आणि टिंगीनं तो मागितला नव्हता. टिंगी ओट्याच्या बाजूला रंगवत बसलेली. गोळा आला. या खेपेला तिनं दात आवळले नाहीत, रिबिनीची सबब सांगितली नाही. ती मोठ्यानं कण्हली.

टिंगीनं खडू खाली ठेवला. उठली. हात पाठीमागं.

"टिंगे, ये."

मान हलली. नाही.

"ये ना. मला गोळा आलाय आणि माझ्याच्यानं पाय ताणला जात नाहीये."

"मग तू ढकलशील."

"नाही ढकलणार."

"त्या वेळी पण तू ठरवून नव्हतं ढकललंस. आपोआप ढकललंस." पोरीनं नेमकं ओळखलं होतं. 'आपोआप'ला आई तरी काय वचन देणार? आपल्या पोटरीबद्दल, बोटांबद्दल, हातांबद्दल छातीठोक सांगण्यासारखं तिच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला एक हातही मोकळा नव्हता, दोन्ही हातांनी पोटरी धरलेली.

"बघ," ती शेवटी म्हणाली, "तिथं पाणी होतं. इथं काय आहे?"

टिंगीनं खाली पाहिलं. अंगठ्यानं फरशी दाबून पाहिली, अगदी तपासून.

"फरशी."

"फरशीवर दोघं कुठं जातील?"

टिंगीनं विचार केला. मग पाठीमागचे हात पुढं आणले, खडूचा रंग फ्रॉकला पुसला आणि घड्या घातलेल्या कपड्यांवरच बसकण मारली. आईचं पाऊल दोन्ही हातांत घेऊन बोटं आपल्याकडे ओढू लागली. तिची ताकद ती केवढी! बोटं तसूभर हलली नाहीत. तिनं पाय भिंतीला लावून जोर केला, चेहरा लालबुंद झाला.

"जातच नाहीये गं आई."

"नाही जायचा लगेच."

"मग मी काय करू?"

आईनं तिच्याकडे पाहिलं. हेच तिनं स्वतः डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं.

"नुसतं धर," ती म्हणाली.

टिंगीनं ओढायचं थांबवलं. पाऊल छातीशी घेतलं, आईनं तळवा ठेवून लोटलं होतं तिथंच, आणि पहिल्या दिवशी तलावाचा काठ धरला होता तसं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. गोळा जात नव्हता. टिंगी सोडत नव्हती.